आत बाळंतिणी आहेत

३ फेब्रुवारी

ठमे,

फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि दोन मिनिटांत ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. कागदाला काही तुला 'हं' करून वाटेला लावता येणार नाही. वाच, आणि मग हवं तर फाडून टाक.

तुझा अहवाल सोमवारी ऑफिसात आला. साहेबांनी सगळ्या गाइड लोकांना उभं करून तो मोठ्याने वाचला. मी तिकीट खिडकीत बसले होते, पण मधली भिंत फळीची आहे हे तुला माहीत आहेच. मोठं दालन मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत बंद ठेवावं, कारण तेव्हा वटवाघळांच्या माद्या तिथे पिल्लं घालायला येतात. बाकीच्या महिन्यांत लहान गट, लाल दिवे, बोलणं हळू. इथपर्यंत सगळे माना डोलवत होते. मग साहेब अडखळले. बाबांकडे न बघता त्यांनी पुढचं वाक्य भरभर वाचून टाकलं: 'दालनात वाजवली जाणारी टाळी कायमची बंद करावी.'

"म्हणजे काकांची टाळी?" लंबू म्हणाला. तोच तो, सगळ्यात नवीन गाइड, ज्याचं डोकं जिथे तिथे छताला आपटतं. जसं काही आपल्या गुहेत टाळ्यांचं दुकान आहे आणि दुसऱ्या कुणाची तरी असेल!

 बाबा पुढची फेरी घेऊन आत गेले. टाळी वाजली. नेहमीपेक्षा जोरात वाजली, एवढंच तुला सांगते.

मी तुला खोटं ठरवत नाही, बाई. तू शिकलीस, तू मोजलंस, तू दालनातल्या पुलाखालच्या चिखलात हात घालून ती बारीक हाडं काढलीस. पण मला सांग, आदल्या रविवारी जेवायला बसलेल्या माणसाला, हातात घास असताना, "बाबा, तुमच्या टाळीने पिल्लं मरतात" हे असं तोंडावर फेकायचं? त्यांनी घास तसाच ताटात ठेवला. तूही बॅग भरून निघालीस. बापलेक दोघंही एकाच मातीचे, आणि मी मधे भांडी घासत बसलेय.

तू विसरली असशील म्हणून तुझ्या लहानपणची आठवण करून देते. ते फेरीच्या शेवटी सगळ्यांना मोठ्या दालनात उभं करायचे, दिवे घालवायचे आणि त्या मिट्ट काळोखात एकच टाळी. ती घुमटात चढायची, फिरून मागून यायची, मग आणखी लांबून. मग लोक आरडाओरडा करून स्वतः टाळ्या पिटायचे. ती पहिली टाळी माझ्या खिडकीपर्यंत ऐकू यायची आणि तिच्यावरच मी पुढच्या फेरीचं फाटक उघडायचे. मला या नोकरीत घड्याळ कधी लागलं नाही.

आणि आपल्या तिकिटावर छापलेत ते त्यांचेच दोन हात. तो फोटो काढला तेव्हा तू पाचेक वर्षांची होतीस. मूळ फोटोत तूही आहेस, डोळे गच्च मिटून, त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून. अंधाराची तुला भारी भीती. आणि त्यांना हात देता यायचा नाही, दोन्ही हात टाळीला लागायचे. तिकिटावर तुला कापून टाकलं. फोटो कपाटात आहे, तुला हवा असेल तर पाठवते.

"इतकी वर्षं वाजवतोय, एक तरी वटवाघूळ तक्रार घेऊन आलं का?" असं काल ते भिंतीला विचारत होते. भिंतीला म्हणजे मला. हाडं उंदरांची आहेत म्हणतात.

तुझी आई

२२ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी! तुझा अहवाल चाळीस पानांचा आणि आईला चार ओळी. असो. त्यातली एक ओळ मला समजली आणि तिने माझी झोप उडवली, ती पुलाबद्दलची.

पूर्वी लोक दालनाच्या तोंडाशी कठड्यापाशी थांबायचे, टाळी तिथूनच वाजायची, आणि माद्या आत लांबवर घुमटात लटकलेल्या असायच्या. त्यांना तिचा त्रास नव्हता, हे तू लिहिलंस. मग लोखंडी जाळीचा पूल पार आतपर्यंत नेला, आणि बाबांची टाळीही पुलाबरोबर आत गेली. मला तो दिवस चांगला आठवतो. ते पुलावर दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे करत टाळ्या वाजवून बघत होते. गवई तंबोरा लावतो तसे कान देऊन. जिथे आवाज सगळ्यात छान घुमला तिथे त्यांनी पांढऱ्या रंगाने पायाच्या आकाराची खूण केली, म्हणजे बाकीच्या गाइडांनाही जागा कळावी. सगळ्या ऑफिसने कौतुक केलं. मीही केलं.

आणि तू म्हणतेस की तीच जागा बरोबर माद्यांच्या खाली आहे, कारण ज्या घुमटात आवाज घुमतो त्याच घुमटात उबदार हवा साठते, आणि अंगावर केस नसलेल्या पिल्लांना ती ऊब लागते. बघ ना, अख्ख्या गुहेत बाबांना नेमकी तीच जागा आवडली. वटवाघळांनाही तीच.

हे मी त्यांना सांगितलं नाही. अजून तरी नाही.

आता ऑफिसचं. साहेब तुझ्यावर जाम भडकलेत पण वरून आदेश आलाय, तेव्हा त्यांनी हात टेकले. मार्चअखेरीला दालनाला दार बसणार. जूनमध्ये तुझ्या संस्थेची माणसं येऊन संध्याकाळी तोंडाशी कॅमेरा लावून बाहेर पडणारी वटवाघळं मोजणार. गेल्या वर्षीपेक्षा कमी भरली तर गुहा सगळ्यांसाठी कायमची बंद. दालन नाही, सबंध गुहा. म्हणजे फेऱ्या नाहीत, खिडकी नाही, गाइड नाहीत, तिकिटावरचे हातही नाहीत. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत होते, जशी काही मीच तुला शिकवून पाठवली होती.

खरं सांगू? मला गुहा बंद व्हायला नको आहे. आम्हा दोघांना दुसरं काही येत नाही. पण त्यासाठी तू खोटं लिहावंस असंही मला वाटत नाही. हे मी तुला एकदाच सांगते, परत विचारू नकोस.

आई

३० मार्च

ठमे,

दार बसलं. आडव्या गजांचं आहे, मधे रुंद फटी, म्हणजे वटवाघळं सुळकन जातील आणि माणूस अडकेल. वेल्डर विचारत होता की असलं पोकळ दार कुणाच्या डोक्यातून निघालं. मी म्हटलं, माझ्या पोरीच्या. तो परत वेल्डिंगला लागला. किल्ली सगळ्यात जुना गाइड म्हणून बाबांकडे दिली आहे. साहेबांचा हा निर्णय मला तेव्हाच पटला नव्हता, पण माझं कोण ऐकतो.

माद्या आल्या आहेत. लंबूने दारातून लाल बॅटरीने बघितलं. घुमट काळा झालाय म्हणाला.

फेरी आता मधल्या खोलीत संपते. बाबांनी तिथे टाळी वाजवून बघितली. ओल्या गादीवर थापटी मारावी तसा आवाज आला. एका माणसाने पैसे परत मागितले. ते माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "त्याला देऊन टाक. बरोबर आहे त्याचं." मग दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तीही बंद केली. मला आता पुढची फेरी केव्हा सोडायची ते कळत नाही. लंबू बाहेर येऊन हात हलवतो. त्याच्या उंचीचा तेवढा एक उपयोग.

घरी चिडचिड चालू आहे. चहा गोड झाला, चहा अगोड झाला, पेपरची घडी कुणी घातली. मी कानाला खडा लावलाय की उत्तर द्यायचं नाही.

पण एक गोष्ट लिहिते, त्यांना सांगू नकोस. परवा संध्याकाळी आपल्याकडे वीज गेली. मी मेणबत्ती शोधत होते. पेटवली आणि बघते तर हे स्वयंपाकघराच्या मधोमध उभे, दोन्ही हात छातीसमोर, वाजवायच्या बेतात. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. अंधार झाला की हात आपोआप वर जातात.  त्यांनी हात खाली केले आणि म्हणाले, "फ्यूज बघतो."

तू त्यांना एक पत्र लिही. शास्त्राचं नको, साधं लिही.

आई

१९ एप्रिल

ठमे,

घाईत आहे. इकडे सगळं ठीक. खिडकीला नवीन काच बसवली. लंबूला परत खोक पडली, या वेळी दोन टाके.

बाबा बरे आहेत. हात दुखतो म्हणतात. पत्र लिहायचं असेल तर थोडं थांब, आत्ता लिहू नकोस.

दाराची किल्ली आता माझ्याकडे असते. का ते विचारू नकोस.

आई

२ मे

ठमे,

तू लगेच ओळखलंस. 'आई, काय झालं ते सांग' एवढंच लिहिलंस. मी ताकास तूर लागू देणार नव्हते, पण काल ते स्वतःच म्हणाले, "तिला लिही. सगळं लिही. मला लिहिता येणार नाही." तेव्हा ऐक.

गेल्या महिन्यात वरच्या ऑफिसातले मोठे साहेब सहकुटुंब आले. ते आणि त्यांची बायको आणि मुलगी, तिघंच. आपल्या साहेबांनी बाबांना बाजूला घेतलं. "एकदाच. टाळीबद्दल त्यांनी फार ऐकलंय. आपली गुहा चालू राहायची की नाही हे त्यांच्याच सहीवर आहे." हे मी फळीच्या भिंतीतून ऐकलं. बाबा म्हणाले, "दार बंद आहे." साहेब म्हणाले, "किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

मी खिडकीतून बाहेर आले. म्हटलं, "जाऊ नका." ते म्हणाले, "एका टाळीने काय होतंय. उलट गुहा वाचली तर तुझीच पोरगी आभार मानेल." त्यांचा चेहरा, ठमे, कित्येक दिवसांनी खुलला होता. लग्नाला निघाल्यासारखा. मला अडवता आलं असतं असं वाटतं. फाटकात आडवी उभी राहिले असते तर ते थांबले असते. नाही राहिले.

टाळी ऐकू आली. तीच, जुनी, लांब घुमत जाणारी. आणि तुला खरं सांगते, मला बरं वाटलं. इतके दिवस ती खिडकी मुकी होती. हात फाटकाच्या कडीकडे गेलासुद्धा.

मग ते लवकर बाहेर आलेच नाहीत. पाहुणे आले, बाई रडवेली, मुलगी आईला चिकटलेली, मोठे साहेब रुमालाने कोट झटकत होते. बाबा आतच. मी लंबूला घेऊन गेले.

ते पुलावर गुडघे टेकून बसले होते. आता त्यांनी मला काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "दिवा घालवला. टाळी वाजवली. नेहमी लोक लगेच ओरडतात, टाळ्या पिटतात. आज ती तिघं घाबरून गप्पच राहिली. वर नुसता फडफडाट झाला. आणि मग आजूबाजूला जाळीवर टप, टप असं ऐकू आलं. मला वाटलं पाणी ठिबकतंय. मी दिवा लावला."

पाणी नव्हतं गं.

माद्या दचकून उडाल्या आणि अंगाला चिकटलेली पिल्लं सुटली. काही जाळीवर, काही जाळीतून खाली चिखलात. इतकी वर्षं ते टप टप लोकांच्या टाळ्यांखाली दबून जात होतं. त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

ते एकेक पिल्लू रुमालात उचलून भिंतीच्या खडबडीत भागाला लावत होते. तू गेल्या वर्षी लंबूला शिकवत होतीस ना, की पडलेलं पिल्लू हाताने न धरता कापडात घ्यायचं, भिंतीला चिकटवायचं आणि दिवा घालवून निघून यायचं, आई येऊन नेते. तेव्हा हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. म्हणजे ऐकत होते. आम्ही तिघांनी मिळून सापडली तेवढी लावली. दिवा घालवला आणि बाहेर आलो. बरीचशी आयांनी नेली, लंबूने नंतर दारातून बघितलं. बरीचशी म्हणजे सगळी नाहीत.

बाहेर येऊन त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "मी मागितली तरी देऊ नकोस." मग साहेबांकडे गेले. साहेब म्हणत होते की झालं ते झालं, आपल्या आपल्यात ठेवू, अहवालात काही लिहायला नको. त्यावर हे काय म्हणाले ठाऊक आहे? "माझी टाळी तुम्ही इतकी वर्षं तिकिटावर छापलीत. आता हेही छापा." आणि स्वतः अर्ज लिहून वर पाठवला. काय केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं, सगळं. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण अर्ज गेला होता.

म्हणून लिहिलं होतं, हात दुखतो. दुखत बिखत काही नाही. दोन्ही हात काखेत घालून बसतात.

मला वाईट वाटतं ठमे, फार वाटतं. पिल्लांचं वाटतं आणि त्यांचंही. तू म्हणाली होतीस तेच निघालं. पण तुला 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणायचं असेल तर ते मला म्हण, त्यांना नको.

आई

११ जून

ठमे,

बाबांच्या फेऱ्या बंद केल्या आहेत. अर्जावर वरून तेवढंच आलं. साहेबांना नुसती ताकीद. मी चार शब्द बोलणार होते, बाबांनी हाताला धरून मला खिडकीत बसवलं.

आता ते दालनाच्या दाराशी स्टूल टाकून बसतात. काम एकच, आत का जायचं नाही ते लोकांना सांगायचं. पहिल्या दिवशी त्यांनी तुझा अहवाल पाठ केल्यासारखं बोलायला सुरुवात केली, लोक जांभया देऊ लागले. एक माणूस तर गज हलवून बघायला लागला. तेव्हा हे उठले आणि हळूच म्हणाले, "दादा, आत बाळंतिणी आहेत."

बाई गं! तो गज सोडून दोन पावलं मागे झाला. मागच्या बायकांनी लगेच पोरांना गप्प केलं. एकीने चपलांचा आवाज होतो म्हणून चपला काढून हातात घेतल्या. आता फेरीच्या शेवटी लोक दाराशी येतात, कुजबुजत विचारतात, "किती झाली पिल्लं? सगळी ठीक आहेत ना?" आणि हे घरच्यासारखं सांगतात. कधी कधी सगळे गप्प उभे राहिले की आतून बारीक चिवचिव येते. इतकी वर्षं इथे काम करून मीसुद्धा ती पहिल्यांदा परवा ऐकली. लोक येतात, पैसे कुणी परत मागत नाही.

पण मोजणी पुढच्या आठवड्यात आहे, आणि त्यांना झोप नाही. त्या एका टाळीने माद्या दुसरीकडे निघून गेल्या असतील तर, हे ते मला दिवसातून दहादा विचारतात. मला काय माहीत? हे तुला विचारायचंय त्यांना.

तू येणार आहेस ना मोजायला?

आई

१४ जुलै

ठमे,

तू आली नाहीस. तुझ्या संस्थेची दोन मुलं आली, चांगली होती बिचारी, पण मला तू हवी होतीस. कामात होतीस म्हणे. मी तुझी आई आहे, मला काम सांगू नकोस. तू घाबरलीस. त्यांच्यासमोर कसं उभं राहायचं, काय बोलायचं, याला घाबरलीस. तेही आठवडाभर फाटकाकडे बघत तुझ्याशी काय बोलायचं याला घाबरत होते. मी मघाशी म्हटलं ना, एकाच मातीचे. मघाशी नाही, फेब्रुवारीत म्हटलं होतं.

निकाल तुला माझ्या आधी कळला असेल, तरी लिहिते, कारण मला लिहायला आवडतंय. वटवाघळं कमी झाली नाहीत. थोडी का होईना, वाढली. त्या मुलांनी कॅमेऱ्यातलं चित्र परत परत बघून सांगितलं. गुहा चालू राहणार. दार राहणार, नियम राहणार, पुलाचा आतला भाग उचलून टाकणार, फेरी पूर्वीसारखी कठड्यापाशी थांबणार. बाबांनी ऐकलं आणि फक्त पुलावरच्या त्या पांढऱ्या पायाबद्दल विचारलं. तो भाग भंगारात जाणार आहे.

ऑक्टोबरपासून त्यांना फेऱ्या परत मिळतील. साहेब म्हणाले, तिकीट बदलावं लागेल, आता हात कशाला. मी म्हटलं, मूळ फोटो माझ्याकडे आहे, त्यात एक पोरगी आहे, ती छापा. साहेबांना वाटलं मी थट्टा करतेय.

आज मी लिहायला बसले तर हे समोर येऊन बसले. म्हणाले, खाली जागा ठेव. त्यांनी लिहिलेलं मी वाचलं नाही. म्हणजे वाचलं, पण काही बोलले नाही.

तुझी आई

ठमे,

आईने सगळं लिहिलंच आहे. तिच्या तावडीतून काही सुटत नाही.

तू जेवताना म्हणालीस ते खरं होतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

ऑक्टोबरात दालन उघडेल. टाळीशिवायची फेरी मला लंबूला शिकवायची आहे, पण आधी मला स्वतःला जमली पाहिजे. कठड्यापाशी दिवा घालवून नुसतं उभं राहायचं, बाकी काही नाही. अजून जमत नाही. अंधार झाला की हात वर जातात.

म्हणून पहिल्या फेरीला तू ये. लहान असताना तू माझा शर्ट धरायचीस, कारण हात टाळीला लागायचे. या वेळी हात धर.

बाबा